गेंदाच्या पायाची शीर

गेंदा असोद्याला केळीच्या पॅकिंगवर टाकीशी दिवसभर उभी राहून फण्या धुवायची. वीस वर्षांत पोटरीवरच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या.

मी तिची शेजारीण, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेलं, गप्प कशी बसणार? म्हटलं, "रक्त वर काळजाकडे ढकलते ती पोटरी, पण चाललं तरच. नुसतं उभं राहून तुझ्या शिरांच्या झडपा निकामी झाल्यात. घरी पाय उशीवर ठेवून पडत जा. आणि शीर फुटलीच तर आडवी हो, पाय वर कर, जागा दाबून धर."

ती हसली. "अक्का, एकच खोली शे. समोर सासरा बठेल ऱ्हास. त्याना म्होरे पाय वर कसा करू?"

"मग त्यांना बाहेर बसव!"

"तुम्हीच सांगा त्यासले."

मी गेले नाही.

मार्चमध्ये घरीच शीर फुटली. मुलगी शीतल पाय उचलायला गेली, तर गेंदानं सासऱ्याकडे बघून लुगडं घोट्यापर्यंत ओढलं आणि भिंतीला टेकून बसून राहिली. रिक्षा आली तेव्हा रक्त वाहून ती गेली होती.

तेराव्याला म्हाताऱ्यानं मला विचारलं, "बाई, मी बाहेर निंघी जातू ते ती वाचती का?"

मी हो म्हटलं.