दोन बुचं आणि माया

शीळफाट्याच्या टपरीवर चहा प्यायचा तर माया आधी पातेल्यात डोकावणार, मग दूध कुठलं ते विचारणार, आणि एवढं करून चहा घेईलच असं नाही. टपरीवाला तिला लांबून बघूनच हात जोडतो. शिडांवर तिच्यासारखा हात बसलेला माणूस आमच्या टीममध्ये दुसरा नाही, आणि तिच्याइतका संशयीही नाही. मी विनीत, बाळकुमचा. बोटीचं सुकाणू माझ्याकडे असतं आणि तापट डोकंही माझंच, त्यामुळे तिचं नि माझं पटतं कसं हे कोणालाच कळत नाही.

बोट म्हणजे कॅटमरान. दोन लांब, निमुळत्या, पोकळ होड्या शेजारी शेजारी, मधे ताणलेली जाळी आणि वर डोलकाठी. त्या होड्यांना आम्ही हल म्हणतो. आम्ही तिघं पगारी खेळाडू: मी, माया आणि पुढचं शीड सांभाळणारा डोंबिवलीचा केदार. आमचा पगार देते ती गच्चीची गळती बंद करणारं रसायन विकणारी एक कंपनी. आमच्या शिडावर पुरुषभर उंच अक्षरांत लिहिलंय, 'गळती? विसरा!' हे मुद्दाम सांगतोय, कारण मागच्या हिवाळ्यात आमचीच बोट गळायला लागली.

उरणच्या बाजूला पाच दिवसांची रेगाटा, म्हणजे शिडाच्या बोटींची स्पर्धा, होती. दिवसभर शर्यती, संध्याकाळी बोट वाळूवर ओढायची आणि व्हॅनने शीळफाट्याच्या आमच्या गाळ्यावर परत यायचं, तिथून ज्याने त्याने आपलं घर गाठायचं. व्हॅन केदार चालवायचा. माया त्याच्या शेजारी बसायची आणि पूर्ण रस्ता डोळे ताणून बघत राहायची. दिवसभर दोर ओढून आमची मान टाकायची वेळ यायची, पण दुसऱ्याच्या हातात स्टेअरिंग असताना माया कधी झोपली नाही.

प्रत्येक हलच्या मागच्या टोकाला एक बूच असतं. संध्याकाळी ते काढून आत शिरलेलं थोडंफार पाणी ओतायचं, सकाळी त्याचं रबरी वायसर पुसून घट्ट बसवायचं. हे काम केदारचं. पण काढलेली बुचं किनाऱ्यावर ठेवायला मायाचा सक्त नकार. "कोणी बदलली तर?" ती म्हणायची. म्हणून ती दोन्ही बुचं भीमाबाईंच्या, म्हणजे तिच्या आईच्या, हळदीच्या डब्यात घालून टिटवाळ्याला न्यायची आणि सकाळी केदारच्या हातावर ठेवायची.

हसायचं तर हसा, पण तिचंही ऐका. ती दहावीत असताना तिच्या वडिलांनी, रवींद्रकाकांनी, आयुष्याची कमाई घालून टिटवाळ्याच्या नव्या बिल्डिंगमध्ये घर घेतलं. बिल्डरने मंजुरीचे कागद दाखवले, तेही लॅमिनेट केलेले. भन्तेजींना बोलावून परित्राणपाठ झाला, खीर वाटली गेली. वर्ष फिरायच्या आत गेटवर नोटीस चिकटली की बिल्डिंगच अनधिकृत आहे. केस अजून चालू आहे आणि माणसं अजून तिथेच राहतात, बॅग भरून बसल्यासारखी. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. माया तेव्हापासून पाणीही फुंकून पिते. कॉलेजात एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये ती शिडाची बोट शिकली, तिथेही दुसऱ्याने मारलेली गाठ सोडून स्वतः परत मारायची. समुद्रावर ही सवय चांगलीच. तिच्यामुळे आमचा एकही दोर कधी सुटला नाही.

तर रेगाटाच्या पहिल्या दिवशी दुपारनंतर बोट जड झाली. वाऱ्यावर वळेचना. संध्याकाळी उजवं बूच काढलं तर बादलीभर पाणी भळाभळा वाळूवर पडलं. दुसऱ्या दिवशी उजवा हल कोरडा आणि डाव्यात पाणी. तिसऱ्या दिवशी पुन्हा उजव्यात. आमची घसरगुंडी चालू होती आणि वर मोठ्या अक्षरांत 'गळती? विसरा!' पाणी ओततानाचा आमचा फोटो कोणीतरी काढला, आणि कंपनीच्या मॅनेजर दर्शना मॅडमच्या फोनवर तो तिघाचौघांकडून पोचला.

"हल फुटलेला नाही, मी हात फिरवून बघितलं," माया मला बाजूला घेऊन म्हणाली. "बूच खराब असतं तर एकाच बाजूने पाणी आलं असतं ना रे? हे बाजू बदलतंय. म्हणजे माणसाचा हात आहे."

"कोणाचा?"

तिने मानेने दाखवलं. केदार गोव्याच्या टीमच्या तंबूत बसून त्यांची केळी खात होता आणि खो खो हसत होता. केदार असाच आहे. डोंबिवली ते उरण, सगळ्यांचा मित्र. पण त्या क्षणी मला त्याचं हसणं खटकलं. एकदा संशयाचं भूत मानेवर बसलं की सगळंच दिसायला लागतं. तो फोन आला की लांब का जातो? गोव्याचा कप्तान त्याच्या पाठीवर थाप का मारतो? हरूनसुद्धा याला शीळ कशी सुचते? चौथ्या दिवशी दोन्ही हलमध्ये पाणी निघालं आणि माझंही डोकं फिरलं.

मायाने दर्शना मॅडमना फोन केला. मॅडम म्हणाल्या, "उद्या केदारच्या जागी राखीव खेळाडू उतरव. आणि रेगाटा संपली की केदारला मोकळं करू." केदारची नोकरी अशी दोन वाक्यांत संपली आणि तो तिकडे व्हॅनची काच पुसत होता. मला कसंतरीच झालं. मी फोन घेतला आणि म्हटलं, "मॅडम, सकाळी मी त्याला रंगेहाथ पकडतो. मग काढा. तोवर त्याला काही बोलू नका."

परत येताना केदारने चिक्की पुढे केली. मायाने ती घेतली नाही.

शेवटच्या सकाळी मी बोटीच्या ट्रेलरमागे चाक तपासायच्या बहाण्याने बसलो. मायाने केदारला डबा दिला. त्याने खिशातून स्वच्छ फडकं काढलं, वायसर पुसलं, बूच फिरवून बसवलं आणि अंगठ्याने दाबून बघितलं. दुसरंही तसंच. मग शीळ घालत लाइफ जॅकेट आणायला गेला. मला खरं सांगायचं तर थोडी निराशाच झाली.

तेवढ्यात माया आली. इकडे तिकडे बघितलं आणि गुडघे टेकून बसली. तिने उजवं बूच उघडलं. उघडलं, ओल्या वाळूवर ठेवलं, भोकात बोट घालून आत चाचपलं, आणि त्याच बोटांनी बूच उचलून परत फिरवलं. मग डाव्याकडे वळली.

"माया!" मी इतक्या जोरात ओरडलो की गोव्याच्या तंबूतून दोघं बाहेर आले.

"काय झालं? बघत होते फक्त. रोज बघते," ती म्हणाली.

मी उजवं बूच पुन्हा काढून त्याचं वायसर तिच्या डोळ्यांपुढे धरलं. वाळूचे कण चिकटले होते, साबुदाण्याच्या खिचडीवर कूट असतो तसे. घट्ट बसल्यासारखं वाटणार आणि खालून पाणी आत झिरपत राहणार. ज्या दिवशी ज्या बाजूला कण जास्त, त्या दिवशी तो हल बुडणार.

मायाने वायसर बघितलं, मग स्वतःची बोटं बघितली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ती बोटं एकमेकांवर घासत राहिली.

"मी बोललेले ना," शेवटी ती हळूच म्हणाली, "माणसाचा हात आहे."

मला तिचा भयंकर राग आला होता आणि तिची दयाही येत होती. तिने तिथूनच दर्शना मॅडमना फोन लावला. "मॅडम, पाणी माझ्यामुळे येत होतं. केदार कुठे जाणार नाही. कोणाला काढायचंच तर मला काढा." मग ती जॅकेट घेऊन येणाऱ्या केदारसमोर जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगितलं. फोनचंही सांगितलं, त्याला काढायला निघालो होतो तेही. काहीच झाकलं नाही. केदारचा चेहरा उतरत गेला. एवढ्या वर्षांत मी तो पहिल्यांदाच हसायचा थांबलेला बघितला.

"तू रोज माझ्यामागे उघडून बघतेस, ते मला पहिल्या दिवसापासून माहितीये," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? मायाने बघितलंय म्हणजे आता टेन्शन नाही, असं वाटायचं मला. म्हणून तर मी परत बघायला येत नव्हतो ना."

मायाने वाळूवर पडलेला रिकामा डबा उचलला. तिने तो केदारकडे दिला आणि दोन्ही हात जॅकेटमध्ये खुपसून मागे सरकली. केदारने बुचं धुतली, पुसली, बसवली. ती बघत होती, ओठ आवळून. पण हात बाहेर काढले नाहीत.

त्या दिवशी बोट हलकी होती. आम्ही दोन शर्यती जिंकलो, तरी एकूण सहावेच आलो. दर्शना मॅडमनी कोणाला काढायचा विषयच काढला नाही, माझ्या फोनवर एवढंच विचारलं की आज फोटो काढला तर चालेल का. संध्याकाळी बुचं काढली तेव्हा एक थेंब पडला नाही. केदारने दोन्ही बुचं डब्यात टाकली, झाकण लावलं आणि डबा व्हॅनच्या डॅशबोर्डवर, स्वतःच्या बाजूला ठेवला.  माया पहिल्यांदाच मागच्या सीटवर जाऊन बसली.

तळोजा ओलांडलं तेव्हा मी मागे वळून बघितलं. माया काचेला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. केदारने आरशात बघितलं आणि शीळ बंद केली. पुढे शीळफाट्याचा नेहमीचा मोठा खड्डा आला, तिथे त्याने गाडी इतकी हळू केली की मागच्या टेम्पोवाल्याने शिव्या घातल्या.