डोलकाठीला बांधलेलं तोरण

ये गं, अशी जवळ सरक. तो मोबाइल बाजूला ठेव आणि आधी बोलणी खा. "बोट विकून टाका," असं आमच्या ह्यांना, तुझ्या काकांना, फोनवर तूच सांगितलंस ना? मला एका शब्दानं विचारलंस? शहाणीच आहेस. आता मागच्या ऑक्टोबरात काय झालं ते नीट ऐक.

ह्यांची बायपास झाली आणि मुलगा म्हणाला, "आई, लेट्स बी प्रॅक्टिकल. बाबांनी आता दोऱ्या ओढायच्या नाहीत. यंदा हिवाळ्याआधी डोलकाठी तुला उतरवता आली तर बोट ठेवू, नाहीतर विकायची." हे घरात दिवसभर गप्पच असतात गं. त्या शिडाच्या बोटीवर पाय ठेवला की तेवढी शीळ वाजवतात. मी म्हटलं, "ठरलं."

बोट तळ्यातून काढून ट्रेलरवर ठेवली, तो नेमका दसरा. अवजाराची पूजा केल्याशिवाय मी हात लावते होय? एडिसनच्या देशी दुकानातून झेंडू आणला, वाऱ्यानं तुटू नये म्हणून नायलॉनच्या दोरीत ओवला आणि डोलकाठीपासून पुढच्या कठड्यापर्यंत चांगलं घट्ट तोरण बांधलं. हळदकुंकू वाहिलं, पेढा ठेवला.

आमच्या डोलकाठीच्या बुडाशी बिजागरी आहे. पुढची तार सोडायची, तिच्या जागी दोर लावायचा आणि विंचच्या चक्रीवरून तो थोडा थोडा सैल करत काठी मागे निजवायची. हे खाली खुर्चीत. मुलगा मागच्या टोकाला काठी झेलायला. दोर माझ्या हातात.

काठी जराशी कलली आणि अडकली. हलेचना.

"आई, स्टॉप! मी क्रेनवाल्याला बोलावतो."

"खबरदार जागचा हललास तर!"

"अगं, पण अडकलंय काय?"

खालून हे म्हणाले, "तुझ्या आईची भक्ती अडकलीय. तोरण बघ."

खरंच! ताणून नुसती तार झाली होती त्याची. सत्तरीच्या बाईनं स्वतःच्या हातानं काठी बांधून ठेवली आणि मग ती निजवायला निघाली! मुलगा हसायला लागला. "सो, विकायची ना?"

मला असा राग आला म्हणून सांगू! विंचचे दोन वेढे उलटे घेतले, काठी पुन्हा सरळ केली, दोर खुंटीला पक्का आवळला. साडी खोचून गुडघ्यांवर रांगत पुढे गेले आणि पूजेच्या नारळाबरोबर आणलेल्या सुरीनं तोरण कापलं. फुलं सगळी डेकवर. परत आले, दोर हातात घेतला. "झेल आता," म्हटलं, "आणि तोंड बंद." वीतवीत करत काठी त्याच्या खांद्यावर उतरवली.

तो काठीभोवती जुन्या रजया गुंडाळत पुटपुटला, "मे महिन्यात वर कोण चढवणार?"

"मीच. तुला काय वाटलं?"

नेटवर आधीच टाकून ठेवलेली विक्रीची जाहिरात त्यानं त्याच संध्याकाळी काढून टाकली. मी शेजारी उभी राहून काढायला लावली म्हण ना. तेव्हा बोट काही जात नाही. मे महिन्यात काठी उभी करीन तेव्हा तू हवीसच, पण तोवर वाट बघायला लावू नकोस. क्युपर्टिनोच्या ऑफिसात सुट्टी मिळत नाही, हे मला सांगू नकोस. चार दिवस काढ आणि लवकर परत ये बाई.