वस्तादाच्या माथी आमचा दम

दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी कामाला लागलो तो कबड्डीच्या जोरावर. साठ सालानंतरची गोष्ट. शेठजींना संघाची भारी हौस. चांगला चढाई करणारा दिसला की त्याला कामावर चिकटवायचे. आम्हांला तयार करायला त्यांनी बाहेरगावचा एक वस्ताद ठेवला होता. तो बायकोसह जिनिंगच्याच एका खोलीत राहायचा.

वस्तादाचा एकच धोशा. सामन्याआधी आठ दिवस रेच्याच्या खोलीत पाय ठेवायचा नाही. रेचा कपाशीतली सरकी काढतो तेव्हा रुईचे बारीक तंतू उडतात आणि छातीत जाऊन बसतात. कबड्डी तर सगळी दमावर. म्हणून त्या दिवसांत आम्हांला बाहेर गाड्या रिकाम्या करायला ठेवत.

त्या वर्षी सामन्याच्या आदल्याच दिवशी हंगामाचा मुहूर्त निघाला. रेच्यांना हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. मुहूर्ताला ज्याचा हात रेच्याला लागला नाही त्याचं काम वर्षभर टिकत नाही, असं आम्ही सगळे मानायचो. आणि एकदा हात लावला की पाळी संपेपर्यंत उठायचं नाही. शेठजी नारळ फोडून घरी गेले होते आणि वस्ताद मैदान आखायला. आम्ही सातही जण गुपचूप आत शिरलो आणि दिवसभर रेच्यात कपाशी टाकत राहिलो. एका दिवसानं काय होतं, असं म्हणणारा शहाणा मीच होतो.

दुसऱ्या दिवशी पुसदच्या संघासमोर चढाईला गेलो. चार पावलांत घसा खवखवला, खोकला आला, दम तुटला. बाद. बाकीच्यांचंही तेच. आमच्याच मैदानात आमचा धुव्वा उडाला.

सामना संपल्यावर शेठजींनी सगळ्यांना तिथंच उभं केलं.

"वस्ताद, वर्षभर काय शिकवलं यायले? एकाचाही दम टिकत नाही."

वस्ताद खाली बघत राहिला. आम्हीही तोंड उघडलं नाही. शेठजींनी त्याला कामावरून काढलं आणि सकाळपर्यंत खोली रिकामी करायला सांगितलं. माणसाला इतक्या सहज उठवता येतं हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

सकाळी त्याची पेटी उचलून मी एस.टी. स्टँडवर गेलो. त्याची बायको माझ्याकडे बघतही नव्हती.

"वस्ताद, आम्ही मुहूर्ताले आत गेलतो," मी कसंबसं सांगितलं.

"मले माहीत हाये. सामन्याआधी तुह्या भुवयीत रुई दिसली मले."

"मंग शेठजीले काहून नाही सांगतलं तुम्ही?"

"सांगतलं असतं त तुम्ही साती जण घरी बसले असते. मी एकटाच गेलो." त्यानं माझ्या हातातली पेटी घेतली आणि गाडीत चढला.

पुढल्या हंगामाआधी नवा वस्ताद आला. पहिल्याच दिवशी त्यानं आम्हांला ओळीनं बसवून विचारलं, "आधीचा वस्ताद काहून गेला?"

"त्याले दम शिकवता येत नव्हता," कोणीतरी म्हणालं.

तो आवाज माझा होता.