निम्म्यावर आणलेली चकती

नांदेडच्या आमच्या कापडगिरणीत सुताला खळ लावायचं खातं होतं. तिथे खाजामियाँ बावीस वर्षं वाफेच्या व्हॉल्व्हपाशी उभा होता. त्याचा उजवा तळहात चामड्यासारखा झाला होता. खळीचा ताव कमीजास्त झाला की मागावर धागे तुटतात. हा तापमापकाच्या काट्याकडे बघून व्हॉल्व्ह जरासा फिरवायचा आणि थांबायचा. ते थांबणंच अवघड. मी, गुरुलिंग, त्या खात्याचा मुन्शी. मला ते कधी जमलं नाही.

लढाईच्या दिवसांत मॅनेजर हणमंतरावांनी मुंबईहून एक पेटी आणवली. ती आपणच काटा बघून वाफ सोडणार होती. फिटर बसवून गेला आणि काटा जो पाळण्यासारखा झुलायला लागला, तो थांबेचना. विणकर शिव्या घालू लागले. हणमंतरावांनी बजावलं, "जुम्म्याच्या सुट्टीपर्यंत बघू, नाहीतर पेटी परत. आणि तिला कुणी हात लावायचा नाही."

मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. पेटी गेली की खाजामियाँची नोकरी राहिली.

पण बुधवारी दुपारी बघतो तर हा पेटी उघडून बसलेला!

"मियाँ, स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेता?"

"लई उतावळी हाय ही, अप्पा. काटा जरा हलला की झडप घालून राहिली," तो म्हणाला. "मी थकलो आता. पन धागे तुटताना बघवत न्हाई."

पेटीने किती जोराने वाफ सोडायची-आवळायची, ते ठरवणारी आकड्यांची चकती आत होती. तो ती एकेक आकडा खाली आणी, मग तसबीहच्या मण्यांवर काट्याचे झोके मोजी. बारावर झोके ना वाढले, ना विरले. तेव्हा त्याने चकती सरळ सहावर आणली. काटा निवांत झाला, पण हव्या तावाच्या खुणेच्या दोन घरं खाली. मग त्याने खूणच दोन घरं वर सरकवली, तसा काटा हव्या तावावर आला.

दुसऱ्या दिवशी हणमंतराव खूश. "आपोआप सुधारली की! कुणी हात तर नाही ना लावला?"

खाजामियाँला शिक्षा होईल म्हणून मी घाईघाईने म्हणालो, "नाही, साहेब."

"मग इथे माणूस कशाला ठेवायचा?"

त्याच क्षणी खरं सांगायला हवं होतं. पेटी सांभाळायला तरी त्याला ठेवला असता. पण साहेबांपुढे खोटा पडायची भीती वाटली. खाजामियाँने एकदा माझ्याकडे बघितलं आणि खुंटीवरची टोपी घेतली.

हिवाळ्यात बॉयलर बदलला आणि काटा पुन्हा झुलू लागला. मी बोटांवर झोके मोजत चकती खाली आणली, मग निम्मी केली. त्याला एक दुपार लागली होती, मला चार दिवस लागले.

हणमंतरावांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली. "शाबास, मुन्शीजी! ही अक्कल गिरणीत दुसऱ्या कुणाला नाही."

मी तेव्हाही खाजामियाँचं नाव घेतलं नाही.