आठ नंबरची जोडी

दत्ताजीराव जगदाळ्यांना कुणी विचारलं, की या बंदुका तुम्ही कशासाठी जमवता, तर ते विचारणाऱ्याकडे नुसते बघत राहत. हा प्रश्न त्यांनाही आत्ताच पडलाय, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटे. शिकारीचा नाद त्यांना नव्हता. मटण आठवड्यातून एकदा, तेही बाजारातून आणलेलं. बडोदे संस्थानच्या पलटणीत पंचवीस वर्षं काढून ते हवालदार म्हणून घरी बसले होते, बाबाजीपुऱ्यात तीन खोल्यांचं घर होतं, दोन्ही मुली सासरी नांदत होत्या. आणि मधल्या खोलीत, रीतसर परवाना काढलेल्या चार अवजड बंदुका होत्या. त्यांतली कुठलीही उचलून हातात दिली, तर माणूस आधी बसायला जागा शोधी.

त्या काळीसुद्धा त्या जुनाट झाल्या होत्या. महाराजांच्या कारकिर्दीचा सुवर्णमहोत्सव होऊन दोन वर्षं लोटली होती, राजमहाल रोडवर मोटारी धूळ उडवत होत्या, आणि शौकीन सरदारांनी घोडे आत लपवलेल्या हलक्या, सुटसुटीत बंदुका घेतल्या होत्या. दत्ताजीरावांच्या बंदुकांचे घोडे बाहेर होते, दोन कान उभारल्यासारखे. आधी अंगठ्यानं ते मागे ओढायचे, मग चाप दाबायचा. नळ्या एवढ्या रुंद की मथुराबाईंचा अंगठा सहज आत जाई. एक रत्तल, म्हणजे पौंडभर, शिशाच्या आठ सारख्या गोळ्या पाडल्या, तर त्यातली एक जिच्या नळीत बरोबर बसते ती आठ नंबरची आणि चार पाडल्या तर चार नंबरची, हे दत्ताजीराव येईल त्याला समजावून सांगत. म्हणजे आकडा लहान तितकी नळी मोठी. हे मात्र मथुराबाईंना कधीच पटलं नाही. "मोठी आहे तर आकडा मोठा नको का?" असं त्या विचारत, आणि दत्ताजीराव पुन्हा रत्तलापासून सुरुवात करत.

नाद लागला तो वढवाण्याच्या तलावावर. तिथे एका पाहुण्या साहेबाची बंदूक धरून चिखलात उभं राहायची कामगिरी त्यांच्यावर आली होती. साहेबानं एकच बार काढला आणि बदकांचा निम्मा थवा पाण्यात आला. दत्ताजीरावांना पाखरांची कीव आली, पण तो आवाज त्यांच्या डोक्यातून जाईना. पुढे असली धुडं सरदारांच्या घरांतून अडगळीत जाऊ लागली तेव्हा ते दारोदार जाऊन मागू लागले. स्वतः त्यांनी जन्मात एकदाच बार काढला. बंदुकीच्या धक्क्यानं ते सरळ चिखलात बसले आणि खांदा आठ दिवस काळानिळा होता. त्यानंतर काडतुसं घरात आली नाहीत, बंदुका मात्र येत राहिल्या.

या चौघींत त्यांचा जीव अडकला होता एकीत. ती आठ नंबरची. तपकिरी नळ्यांवर बारीक कुरळ्या रेघांची नक्षी, अशी की बघताना डोळा एका जागी ठरू नये. दोन जातींच्या लोखंडाच्या पट्ट्या एकत्र पिळून, तापवून, ठोकून नळी घडवली की अशी नक्षी उमटते, हे त्यांना एका म्हाताऱ्या सुभेदारानं सांगितलं होतं. पण त्याहून मोठी गंमत म्हणजे, दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर कारागिराच्या नावाशेजारी सोन्यानं इंग्रजी दोनचा आकडा कोरलेला होता. दोन आहे म्हणजे एक कुठेतरी असणारच. जोडीनं घडवलेल्या बंदुका अशा ताटातूट होऊन पडाव्यात हे दत्ताजीरावांना सहन होईना. अकरा वर्षं ते त्या पहिलीच्या मागावर होते. एखाद्या मुलीचं स्थळ शोधतानासुद्धा त्यांनी एवढ्या चपला झिजवल्या नव्हत्या, आणि हे मथुराबाई त्यांना वेळोवेळी ऐकवत.

ती सापडली एका लग्नाच्या पंगतीत. शेजारच्या पाटावर उदयसिंहराव होते, मोठे सरदार, दत्ताजीरावांच्या जुन्या पलटणीतल्या अधिकाऱ्याचे धाकटे बंधू. बोलता बोलता निघालं की त्यांच्याकडे एक आठ नंबरची आहे, पट्टीवर सोन्याचा एकचा आकडा आहे, आणि नळ्यांवर नक्षी आहे. दत्ताजीरावांच्या हातातला जिलबीचा तुकडा हातातच राहिला.

उदयसिंहराव दिलदार माणूस होते, पण चोखंदळ. ते म्हणाले, "दत्ताजीराव, दसऱ्याला सोनं द्यायला मी तुमच्या घरी येतो. माझी बंदूक बरोबर आणतो. नक्षीला नक्षी जुळली, तर ती तुमची. जोडी मोडलेली मलाही बघवत नाही. पण जुळली नाही, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

दसरा पंधरा दिवसांवर होता. दत्ताजीराव रोज सकाळी दोन आकड्याच्या बंदुकीवरून तेलाचं फडकं फिरवत आणि नक्षी मोजत बसत. आणि नेमका नवरात्राच्या पाचव्या माळेला त्यांना हिवताप भरला. चार दिवस ते घोंगडीखाली कुडकुडत पडून होते.

खंडेनवमीच्या सकाळी ताप उतरला. डोळे उघडले तेव्हा परसातून चिंचेचा आंबट वास येत होता. आज भांडी का घासतेय ही, असं त्यांच्या मनात आलं, आणि दुसऱ्याच क्षणी ते धडपडत उठले.

परसात मथुराबाई पदर खोचून बसल्या होत्या. समोर चिंचेचा कोळ, चुलीतली राख, काथ्या. पाटावर दोन आकड्याची बंदूक आडवी होती. नळ्या पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या, आरशासारख्या. नक्षीची एक रेघसुद्धा उरली नव्हती.

"शस्त्रं पुजायची तर घासायला नकोत का?" त्या म्हणाल्या. "तुम्ही पडलेले. उद्या रावसाहेब यायचे. माहेरी आमच्या तलवारी, पट्टे, सगळं चिंचेनंच निघायचं. फार डाग होते हो हिच्यावर. पहाटेपासून घासतेय."

दत्ताजीराव बत्तीस वर्षांच्या संसारात कधी ओरडले नव्हते, ते त्या सकाळी ओरडले. काय काय बोलले ते त्यांना पुढे आठवेना. मथुराबाई उठल्या, हात धुतले आणि आत निघून गेल्या. आपलं काही चुकलं असेल, असं त्यांना अजिबात वाटत नव्हतं, आणि म्हणूनच त्यांना जास्त लागलं.

परसात एकटे उभे असताना दत्ताजीरावांची नजर भिंतीकडे गेली. तिथे चार नंबरची टेकून ठेवली होती. ती गंजून काळी पडलेली, एका वाड्यातून दुसऱ्या बंदुकीबरोबर फुकट आलेली. ते तिला दाराला टेकण म्हणून वापरत. मथुराबाईंनी तिलाही कोळ लावून ठेवला होता. दत्ताजीरावांनी बोटानं कोळ पुसला. गंजाखालून कुरळ्या रेघा वर आल्या होत्या. आणखी पुसलं, आणखी रेघा. जिच्यावर नक्षी होती तिची गेली आणि जिच्यावर नव्हती तिला फुटली, हे काय चाललंय ते त्यांना कळेना. ताप अजून उतरला नाही की काय, म्हणून त्यांनी कपाळाला हात लावून पाहिला.

मग दोन्ही बंदुका घोंगडीत गुंडाळून, टांगा करून ते पाणीगेटला लक्ष्मण मिस्त्रीकडे गेले. लक्ष्मण जातीचा लुहार, बंदुका दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा बडोद्यात कुणी नव्हता. त्यानं दोन्ही नळ्या उन्हात धरल्या, जवळून पाहिल्या आणि आठ नंबरची हलकेच खाली ठेवली.

"साहेब, मनाला खोटं लावून घेऊ नका," तो म्हणाला. "आ बंदूकनी नक्षी तो उपरनो रंग हतो. साध्या लोखंडावर छापलेली. पिळाची नळी असेल ने, तर नक्षी ठेठ आतपर्यंत असते. चिंच लावा, तेजाब लावा, ती जवानी नथी, जाणारच नाही. उलटी वर येते. आ जुओ." त्यानं चार नंबरच्या नळीवर बोट ठेवलं. "आ साची छे."

"आणि हिच्यावरचं सोनं? कारागिराचं नाव?"

"नाव तो कोई बी कोतरे, साहेब."

दत्ताजीराव परत निघाले तेव्हा मांडवीत फुलांचे ढीग लागले होते, लोक आपट्याच्या फांद्या घेऊन चालले होते. त्यांना नीट राग येईना, नीट दुःखही होईना. अकरा वर्षं आपण रोज जे बघत होतो, ते काय होतं? आणि जी खरी होती, तिच्या अंगाला रोज दार आपटत होतं ते कुणामुळे? बायकोवर ओरडलो, पण तिनं घालवलं काय, जे नव्हतंच ते? हा हिशेब त्यांना लागेना. आणि सगळ्यात घोळ घालणारा विचार टांगा बाबाजीपुऱ्यात शिरताना आला. ही खोटी, तर हिच्या जोडीची?

दसऱ्याला महाराजांची स्वारी पाहून उदयसिंहराव आले. आपट्याची पानं दिली, घेतली. मग त्यांनी मखमलीच्या गवसणीतून आपली बंदूक काढली. तपकिरी नळ्या, कुरळ्या रेघा, सोन्याचा एक. दत्ताजीरावांना ती रेघन् रेघ ओळखीची होती. त्यांनी आपली पुढे ठेवली, पांढरी, कुंकवाचं बोट लावलेली.

उदयसिंहरावांचा चेहरा पडला. "हे तर साधं लोखंड आहे, दत्ताजीराव. तुम्ही तर नक्षी म्हणाला होता."

दत्ताजीरावांच्या तोंडात वाक्य तयार होतं. तुमचीही छापलेलीच आहे, रावसाहेब, पाहिजे तर चिंच लावून बघा. एवढं बोललं असतं, तर खोटी बंदूक जवळ ठेवणारा तो माणूस नव्हता. जोडी तिथल्या तिथे जुळली असती. पण उदयसिंहराव ती नळी ज्या हातानं कुरवाळत होते, तो हात दत्ताजीरावांच्या ओळखीचा होता. अकरा वर्षं तो त्यांचाच होता.

तेवढ्यात मथुराबाई सरबत घेऊन आल्या. कालपासून त्या नवऱ्याशी बोलल्या नव्हत्या, पण पाहुण्यापुढे ते दिसू द्यायची त्यांची रीत नव्हती. बंदुकीकडे बघून म्हणाल्या, "रावसाहेब, तुमची डागाळलीय बघा. द्या, एवढ्यात घासून देते. माझ्याकडे कोळ आहे अजून."

"नको," दत्ताजीराव म्हणाले, इतक्या घाईनं की सरबत हिंदकळलं. "त्यांची आहे तशीच राहू दे."

उदयसिंहरावांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, बंदूक गवसणीत घातली आणि शब्द ठरला होता तसा विषय संपवून ते गेले. आपण का नाही बोललो, हे दत्ताजीरावांना त्या दिवशी कळलं नाही, आणि पुढे कितीतरी दिवस ते स्वतःलाच विचारत राहिले. चांगुलपणा म्हणावा, तर त्यांना तो वेडेपणाच वाटे. मथुराबाईंची माफी मागायची होती, पण कशाबद्दल मागायची हेही ठरेना. तिनं बंदूक बिघडवलीच नव्हती म्हणून, की आपण ओरडलो म्हणून? वर्ष असंच गेलं. मथुराबाईंनी पुन्हा शस्त्रांना हात लावला नाही. चार नंबरची दारामागून भिंतीवर आली, पण दत्ताजीराव तिच्याकडे फारसं बघत नसत. तेलाचं फडकं फिरे ते अजूनही दोन आकड्याच्या उघड्या नळ्यांवरूनच.

पुढच्या दसऱ्याला उदयसिंहराव आले नाहीत. त्यांचा जासूद मखमलीची गवसणी आणि एक चिठ्ठी ठेवून गेला. दत्ताजीरावांनी चिठ्ठी मोठ्यानं वाचली, कारण मथुराबाई दारात उभ्या होत्या.

"यंदा खंडेनवमीला मी स्वतः चिंचेचा कोळ लावला. गेल्या साली वहिनी मागत होत्या, तेव्हा तुम्ही नको का म्हणालात, ते आता समजलं. नक्षीला नक्षी जुळली. शब्द दिला होता, तो पाळतो आहे."

गवसणी सोडली. नळ्या पांढऱ्याशुभ्र होत्या. दत्ताजीरावांनी ती दुसरीच्या शेजारी पाटावर ठेवली, एक आणि दोन. बारा वर्षांनी जोडी लागली होती, आणि आपल्याला हसू येतंय की रडू, हे त्यांना सांगता येईना.

"गेल्या वर्षी मी ओरडलो," ते बंदुकांकडे बघतच म्हणाले. "माझं चुकलं."

मथुराबाई खाली बसल्या. त्यांनी पहिलीच्या नळीत अंगठा घालून बघितला, मग दुसरीच्या.

"सारख्याच आहेत," त्या म्हणाल्या, आणि कुंकवाची कोयरी जवळ ओढली.