सोळा की आठ

आमच्या काळाचौकीच्या मंडळाचा लॅपटॉप विसर्जनानंतर दरवर्षी नव्या माणसाच्या घरी मुक्कामाला जातो. देणारा पिशवी पुढे करतो, घेणारा घेतो. तिथेच उघडून तपासायचा नाही; तपासला तर समोरच्याला चोर म्हटल्यासारखं होतं. गेल्या वर्षी तो माझ्या मित्राकडून माझ्याकडे आला, तेव्हा मीही पाहिला नाही. आम्ही एकाच चाळीत वाढलो. तो दोन खोल्या पलीकडे राहतो.

यंदा देखाव्याच्या चित्रफितीचं काम करताना लॅपटॉप सारखा अडकायला लागला. त्याच्याच माहितीच्या पानावर रॅम सोळा जीबी दिसत होती, खरेदीच्या वेळी ठरली होती तेवढीच. तिथे थांबायला हवं होतं. मी तपासणीचा आणखी एक प्रोग्रॅम उतरवून घेतला. त्यात रॅमची एकच पट्टी दिसली, आठ जीबीची.

दोन आकड्यांपैकी माझ्या संशयाला सोयीचा होता तो मी खरा धरला. सोळाचा आकडा जुनाच राहून गेला असेल, अशी स्वतःची समजूत घातली. मग काय काय आठवायला लागलं. मित्राच्या मुलीचा लॅपटॉप आधी रखडायचा, हल्ली तिची तक्रार नव्हती. मी मागचं झाकण उघडलं. आत पट्टीसाठी एकच जागा, आणि पट्टीवर छापलेलं आठ. सोळाची काढून आठची बसवली, हे मला दिसल्याइतकं स्पष्ट झालं. मंडळाच्या खोलीत जाऊन मी ते अध्यक्षांच्या कानावर घातलं. मित्राचं नाव मी घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. बाकावर चौघे बसलेले होते.

संध्याकाळी मित्र दारात उभा राहिला. माझी बायको त्याला बस म्हणाली, तो बसला नाही. त्याने मला सगळं पुन्हा सांगायला लावलं. रॅममधलं त्याला माझ्याइतकंही कळत नाही.

"ही पट्टी मी बदललेली. बरोबर?" तो म्हणाला. "ही काढली तर आत किती उरते?"

"काहीच नाही. चालूच होणार नाही."

"मग काढ."

मी पट्टी काढली, झाकण नुसतं टेकवलं, बटण दाबलं. पडदा बराच वेळ काळा राहिला, आणि खरं सांगतो, तो काळाच राहावा असं मला वाटत होतं. मग लॅपटॉप चालू झाला. माहितीच्या पानावर आठ जीबी.

उरलेली आठ मूळ बोर्डावरच कायमची बसवलेली होती. दुसऱ्या प्रोग्रॅमला ती दिसत नव्हती, तो फक्त सुटी पट्टी वाचत होता. आठ आणि आठ. मशीन संथ होतं ते बहुधा धुळीने.

मी अध्यक्षांना फोन लावायला घेतला. मित्राने माझा हात धरून मोबाईल खाली केला.

"फोनवर नको रे. बाकावरच्यांसमोर बोललास ना? चल, तिथेच बोल."

खाली मंडळाच्या खोलीत गेलो. अध्यक्ष होते, ते चौघेही होतेच. मित्र आत आला नाही, चपला न काढता उंबऱ्याबाहेर उभा राहिला. मी बोलायला सुरुवात केली तेव्हा एक जण हसून म्हणाला, "जाऊ दे ना, सापडली ना रॅम?"

"थांब," मित्र बाहेरून त्याला म्हणाला. "त्याला पुरं बोलू दे."