बैलाच्या बरगड्या

हिंगोलीहून वाशीमकडे जाताना, कनेरगाव नाक्याच्या अलीकडे, एक वॉटर पार्क आहे. दारात फायबरचा पांढरा बैल उभा आहे, दोन माणसांएवढा उंच. त्याच्या पोटावर मुद्दाम बरगड्या कोरल्या आहेत. लोक त्याच्या पुढच्या पायाला धरून फोटो काढतात. खालच्या पाटीवर लिहिलंय की मराठवाड्यातल्या पहिल्या हलत्या चित्राच्या निर्मात्यानं या बरगड्यांतून दुष्काळाची वेदना मांडली.

त्या बरगड्या दुष्काळाच्या नाहीत. त्या कुण्या अनोळखी रुग्णाच्या छातीच्या आहेत आणि बैलाच्या पोटात त्या राहिल्या माझ्या हलगर्जीपणानं. तो बैल पाटीवरच्या माणसानं काढलेलाही नाही. हे मला ठाऊक आहे, कारण तो काढला जात असताना मी शेजारी बसलो होतो. आणि हे जगाला ठाऊक नाही, कारण विचारलं तेव्हा मी खोटं बोललो.

पाटीवरचा माणूस म्हणजे आमचे मालक. आज नव्वदीला टेकलेत. तेव्हा, साठेक वर्षांपूर्वी, त्यांचा फिरता सिनेमाचा तंबू होता. औंढ्याच्या जत्रेत, दसऱ्याला हिंगोलीच्या मैदानावर, सिद्धेश्वर धरणाच्या कामावरच्या मजुरांसाठी, जिथं माणसं जमतील तिथं तो लागायचा. मी मशीन चालवायचो. मालक मला नावानं कधी हाक मारत नसत, ‘ऑपरेटर’ म्हणत. मध्यंतरात ते स्वतः भोंग्यावर जाहिराती बोलायचे. आवाज असा की चणे विकणारासुद्धा हातातलं माप थांबवून ऐकायचा. तेवढं श्रेय मी त्यांना देतो. आवाज त्यांचा होता.

चित्रं पेंटरची होती. पेंटर म्हणजे हिंगोलीतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक मुसलमान गृहस्थ, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. मध्यंतरात मशीनमधून पडद्यावर दाखवायच्या जाहिरातींच्या काचा तोच रंगवून द्यायचा. एकदा त्यानं एका बैलाच्या दोन काचा केल्या, एकीत शेपूट खाली, दुसरीत वर. मी त्या भराभर बदलल्या तर पडद्यावर बैलानं शेपूट हलवली. तंबूत आरडाओरडा झाला. दुसऱ्या दिवशी मालकांनी आम्हा दोघांना बोलावून विचारलं, “पूर्ण चालंल का रं ह्यो बैल?”

पेंटर म्हणाला, “चालंल की शेठ. खायला घालावं लागंल.”

मालकांनी हैदराबादहून एक जुना चावीचा कॅमेरा आणला. त्याचं बटण एकदा दाबलं की फिल्मवर एकच चित्र उमटायचं. सरकीच्या एका रिकाम्या गोदामात मी लाकडी घोडा ठोकून कॅमेरा उलटा टांगला, तोंड खाली. त्याखाली फळी आणि फळीवर दोन खिळे. प्रत्येक चित्राला दोन भोकं पाडायची आणि त्या खिळ्यांवर बसवायचं, म्हणजे बैल जागचा हलत नाही. खिळ्यांची युक्तीही पेंटरचीच. मी म्हणत होतो, डिंकानं चिकटवू.

चित्रं काढायला आरपार दिसणारा कागद पाहिजे होता आणि तो आम्हाला परवडणारा नव्हता. पेंटरनं एका डॉक्टरकडच्या रद्दीतून जुने एक्स-रे आणले. गरम पाण्यात कॉस्टिक सोडा टाकून ते घासले की काळा थर निघून जातो आणि निळसर, स्वच्छ पत्रा हातात राहतो. धुण्याचं काम माझ्याकडे होतं. तो पुढून रेघ मारायचा आणि मागून रंग भरायचा.

बाजाराच्या दिवशी तो मला बैलबाजारात घेऊन जायचा. आम्ही उकिडवे बसून फक्त बैलांचे पाय बघायचो. एक व्यापारी म्हणाला, “घ्यायचा असंल तर दात बघा की. खुरं काय बघून राहिले?” पेंटर म्हणाला, “दात काढायला सोपे हायेत, मामा.” मागचा डावा, मग पुढचा डावा, मागचा उजवा, मग पुढचा उजवा. घरी जाताना तो माझ्यापुढे वाकून तसा चालून दाखवायचा, भर रस्त्यात. सहा महिने आम्ही हेच केलं.

फिल्म दोनच मिनिटांची झाली. कपडे धुण्याच्या साबणाची जाहिरात होती. शेतकरी बैलाला हाकतो, बैल हलत नाही. शेतकरी ढकलतो, विनवतो. शेवटी बैल मान वळवून शेतकऱ्याच्या धोतराचा वास घेतो आणि शेपटीनं स्वतःचं नाक दाबतो. धोतर धुतल्यावर निघतो. बैल अडून उभा असतो तेव्हा एकच पत्रा बराच वेळ पडद्यावर राहतो. एक्स-रेच्या दोन्ही बाजूंना थर असतो. त्या पत्र्याची एकच बाजू मी नीट घासली होती, दुसरी अर्धवट. गोदामातल्या दिव्याखाली ते कुणाच्या लक्षात आलं नाही. फिल्म धुऊन आली तेव्हा बैलाच्या पोटात माणसाच्या बरगड्या.

मालकांनी शिव्या घातल्या. “कापून टाक तेवढा तुकडा. माझा बैल काय टीबीचा हाय?” कापला असता तर गंमतच गेली असती, म्हणून राहू दिला. पेंटर सगळ्यांनाच ‘बाबू’ म्हणायचा; मला एवढंच म्हणाला, “बाबू, धुवायचं तर बराबर धुवावं.”

लोक त्या बैलासाठी तंबूत येऊ लागले. सिनेमा कुठला ते न विचारता येत. मग मुंबईच्या एका स्पर्धेला फिल्म पाठवायचं ठरलं आणि अर्जात ‘चित्रे’ या शब्दापुढे मालकांनी आपलं नाव घातलं. पेंटरला कळलं तेव्हा तो भांडला नाही. गावातल्या एका वकिलांकडे गेला. त्यांनी आम्हा तिघांना ओसरीवर बोलावलं.

आदल्या दिवशी मालक माझ्याकडे आले. मोटारसायकलवरून उतरलेसुद्धा नाहीत. “हिंगोलीत पक्कं थेटर बांधून राहिलो. कायमचा ऑपरेटर लागंल. उद्या वकिलाकडं नीट बोल.” माझं लग्न होऊन चार महिने झाले होते आणि तंबू पावसाळाभर बंद असायचा. याहून मोठं कारण माझ्याकडे नव्हतं. पुढे पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

वकिलांनी विचारलं, “तू कॅमेऱ्यावर होतास. चित्रं कोणी काढली?”

पेंटर हसत होता. “याला काय इचारता वकीलसाब, माझ्या मांडीला मांडी लावून बसला हाय. सांग रे बाबू.”

मी म्हणालो, “चित्रं मालकांची. पेंटरनं रंग भरले.”

“बराबर सांग की.”

“बराबरच सांगितलं.”

मालक ओसरीवरच्या कुंडीतल्या तुळशीकडे बघत होते. बाहेर आल्यावर पेंटरनं चपला घातल्या आणि माझ्याजवळ आला. मला वाटलं, मारतो. तो म्हणाला, “तुला तकलीफ होती तर मला सांगायचं. मीच म्हणलो असतो, शेठनं काढली म्हून.”

यानंतर त्यानं बैल काढला नाही. वारंगा फाट्यावर एका गॅरेजशेजारी टपरी टाकून ट्रकच्या मागं मोर आणि कमळं रंगवत बसला, आणि तिथंच गेला. मी थेटरात कायमचा झालो. मालकांचं थेटर झालं, व्हिडिओचं दुकान झालं, केबल झाली, वॉटर पार्क झाला. प्रत्येक मुलाखतीत बैल यायचाच. आधी म्हणायचे, एका रात्रीत सुचला. नंतर बरगड्यांत दुष्काळ आला. मी वाचायचो आणि पेपर घडी करून ठेवायचो. मला त्यांचा राग येत होता असं मी समजत होतो. राग होताच. पण तो वापरायचा तर आधी स्वतःचं तोंड उघडावं लागणार होतं.

गेल्या वर्षी मालकांच्या मुलानं वडिलांवर पुस्तक काढलं आणि पार्कात कलादालन बांधलं. उद्घाटनाला जुना सहकारी म्हणून मी पाच मिनिटं बोलावं, असा निरोप आला. सहकाऱ्यांत जिवंत मीच होतो. मी लगेच हो म्हणालो. मला शिकार दिसली होती.

पुराव्यासाठी मी वारंगा फाट्याला गेलो. टपरीच्या जागी आता पेंटरच्या मुलीचं फ्लेक्सचं दुकान आहे. आत मशीनमधून बॅनर सरकत बाहेर येत होता. त्यावर तोच बैल, मालकांचा हसरा चेहरा आणि वर ‘ॲनिमेशनचे जनक’.

“हे काय छापून राहिलीस बाई? हा बैल कोणाचा, माहीत नाही का तुला?”

“माहीत हाय की काका. ऑर्डर हाय. चौदा बाय आठ.” तिनं बॅनर ओढून धरला. “अम्मी सांगायची. तुमचंबी सांगायची.”

मी खुर्ची ओढून बसलो. विचारलं, अब्बांनी रंगवलेले बैलाचे काही पत्रे शिल्लक आहेत का?

“एक ट्रंक हाय. काहून?”

“त्याला भर सभेत उघडा पाडतो.”

“आन् तुमी?”

“मी काय?”

“तुमी झाकलेलेच राहणार व्हय?” ती चिडली नव्हती. बॅनरच्या कडा कापता कापता बोलत होती. “पत्रे देते. पण आधी आपलं सांगायचं, मंग शेठचं. उलटं केलं तर ट्रंक परत आणून टाकायची.”

मी तसंच केलं. सभेत मालक पुढच्या रांगेत सोफ्यावर होते. मी माइक धरून म्हणालो, “मी एकदा खोटी साक्ष दिली,” आणि बाकी सगळं सांगितलं. ट्रंकेतला बरगड्यांचा पत्रा दिव्यासमोर धरला. एक्स-रे कसा धुतात, एक बाजू कशी राहिली, तेही सांगितलं. मुलगा दोनदा उठला. लोकांनी फोन वर धरले होते, म्हणून परत बसला.

मालकांनी बसल्या जागी माइक मागितला. तो आवाज अजून तसाच आहे. “ऑपरेटर, इतकी वर्षं तोंडात काय गुळणी धरली होती का?”

सगळे हसले.

मी म्हणालो, “न्हाई मालक. तुमी दिलेली नोकरी धरली होती.”

हसू थांबलं. तो क्षण मी मोजून अनुभवला. मालक अगदी शांतपणे म्हणाले, “पेंटर गावात धा होते. तंबू एकाचाच होता.” ते लाजलेले नव्हते. त्यांना खरंच तसं वाटतं. याचं उत्तर मी आता देतो. मालक, उरलेल्या नऊ जणांना बोलावून एक बैल चालवून दाखवायचा होतात.

आठ दिवसांनी मुलगा पेढे घेऊन घरी आला. म्हणाला, बाबांचं वय झालंय, तुमचंही झालंय, आपण दालनात एक ओळ टाकू: ‘रंगकाम सहाय्य’, आणि पुढे पेंटरचं नाव. वकिलांच्या ओसरीवर मी बोललेलं वाक्यच तो मला नीटनेटकं करून परत देत होता. मी पेढे परत केले आणि म्हणालो, त्यांच्या मुलीला विचारा.

तिनं ती ओळ आणि फ्लेक्स दोन्हींना नकार दिला; सभेचे व्हिडिओ गावभर फिरत होते, म्हणून मुलाला ऐकावं लागलं. ब्रश घेऊन स्वतः आली आणि दालनाच्या भिंतीवर, मालकांच्या फोटोशेजारी, बापाच्याच वळणाची अक्षरं काढली. ‘चित्रं’ हा शब्द आणि पुढे पूर्ण नाव. मालकांना चाकाच्या खुर्चीतून आणून बसवलं होतं. अक्षर अन् अक्षर पुरं होईपर्यंत मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनी भिंतीवरून नजर काढली नाही.

मी तिला म्हणालो, “खाली लिही, हे नाव कोणी चोरलं आणि चोरायला कोणी मदत केली.”

“नको.”

“अगं, लोकांना कळायला नको?”

“माझ्या बापाच्या नावाखाली शेठचं नाव नको. तुमचंबी नको.” तिनं ब्रश रॉकेलमध्ये बुडवला. “तुमाला लिहायचं असंल तर दुसरीकडं लिहा. त्याचं नाव मात्र तुमच्या हातानं लिहू नका.”

म्हणून इथं त्याचं नाव नाही. त्याचं नाही, म्हणून कुणाचंच नाही. ती ब्रश पुसून निघून गेली. तिनं माफ केलं असं मी कुठंही म्हणणार नाही, कारण तिनं केलेलं नाही.

भिंतीवर चोरी लिहिलेली नाही. पुस्तक तसंच विकलं जातंय. म्हणून हे लिहून छापायला देतोय. चित्रं पेंटरनं काढली. मालकांनी आपल्या नावावर केली. मी खोटं बोललो आणि त्याच्या बदल्यात नोकरी घेतली. मालक, तुम्ही अजून चष्म्याशिवाय वाचता असं ऐकतो. मोठ्यानं वाचा. आवाज तुमचा चांगला आहे.